सरस-नीरस : विषम कलावंतांचा एक आढावा

ज्या कलावंतावर आपले प्रेम जडले त्याची उत्कृष्ट निर्मिती तेवढी स्मरणात ठेवावी, तिचीच पारायणे करावीत, आणि जी ऐकताना आपल्यालाच संकोच वाटतो तिचा उल्लेख मैफलीनंतरच्या कुजबुजीपलीकडे जाऊ देऊ नये, असा एक शिरस्ता मराठी रसिकांनी फार दिवस पाळला आहे. हा शिरस्ता सौजन्याचा असला तरी सत्याचा खास नाही. त्याच्यामुळे थोर गायक प्रत्येक बैठकीत थोरच असतो असा एक भाबडा समज रूढ झाला. आणि पुढे कधी त्याच गायकाचा एखादा निकृष्ट नमुना कानी पडला, की तोच भाबडा रसिक एकदम दुसऱ्या टोकाला जाऊन, याच्यात मुळातच काही नव्हते, असा निवाडा देऊन मोकळा होऊ लागला. वस्तुतः ज्यांची सारी निर्मिती आयुष्यभर एकाच उंचीवर राहिली असे संगीतकार आणि गायक अत्यल्प, आणि ज्यांच्याकडून अजरामर व टाकाऊ अशा दोन्ही गोष्टी घडल्या, क्वचित एकाच वर्षी आणि क्वचित एकाच रात्री घडल्या, त्यांची संख्या मोठी आहे.

अशा विषम कलावंतांपैकी काहींचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे. त्यांतील दोघे टेक्सासचे. ज्या शुगर लँडमध्ये बसून हा मजकूर लिहिला जात आहे त्या गावाच्या आणि शेजारच्या ह्यूस्टन शहराच्या दप्तरात त्यांची नावे दाखल आहेत. बाकीचे आपल्या घरचे आहेत. त्यांना एका पंक्तीस बसविण्यात श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्याचा हेतू नाही. विषमतेची कारणे शोधावीत एवढाच हेतू आहे. प्रतिभा लहरी असते, या वाक्याने आपण पुष्कळदा कारण सांगितल्याचे समाधान मिळवितो. परंतु लहर कोणत्या दिवशी, कोणाच्या दारी आणि कोणत्या अटींवर आली हे पाहू गेल्यास तिच्यामागे बहुधा एखादा अगदी ऐहिक व्यवहार उभा असलेला आढळतो.

शुगर लँड हे नाव आज उच्चारले, की तळ्याकाठची घरे, नावाजलेल्या शाळा आणि शनिवारी-रविवारी कुठल्यातरी सभागृहात होणारा भारतीय गाण्याचा कार्यक्रम असे एक सुखवस्तू चित्र डोळ्यांपुढे येते. ब्राझोस नदीकाठच्या या गाळाच्या जमिनीची जुनी कैफियत मात्र निराळी आहे. १८४३ पर्यंत मागे जाणारा साखरेचा धंदा येथे होता. यादवी युद्धानंतर गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा उसाच्या मळ्यांना मजूर मिळावेत म्हणून तुरुंगातील कैदी मक्त्याने देण्याची पद्धत रूढ झाली, आणि त्या पद्धतीखाली झिजून मेलेल्या ९५ कृष्णवर्णीयांचे सांगाडे २०१८ मध्ये एका शाळेच्या बांधकामाच्या जागी सापडले. पुढे मक्त्याची पद्धत गेली, आणि सरकारने मळ्याच्या जागी स्वतःच शेतीचा तुरुंग चालविला. तो २०११ मध्ये बंद झाला. साखरेच्या कारखान्याची चिमणी त्याआधीच, २००३ मध्ये, थंडावली होती.

या तुरुंगात १९२० ते १९२५ या काळात हडी लेडबेटर नावाचा एक कैदी होता. खुनाच्या आरोपावरून १९१८ मध्ये त्याला ‘वॉल्टर बॉइड’ या खोट्या नावाने शिक्षा झाली होती. पुढे जगाने त्याला ‘लेड बेली’ या नावाने ओळखले. बारा तारांची गिटार, पहाडी आवाज, आणि रानात काम करताना म्हणावयाच्या गाण्यांपासून मुलांच्या खेळगाण्यांपर्यंत पसरलेले अफाट पाठांतर एवढी त्याची दौलत होती. टेक्सासचे गव्हर्नर पॅट नेफ हे आपल्या पाहुण्यांसह तुरुंग पाहावयास येत, तेव्हा त्यांच्या मनोरंजनासाठी या कैद्याला गावयास लावीत. लेडबेटरने आपल्या सुटकेचा अर्ज गाण्यातच बांधून गव्हर्नरांच्या कानी घातला. आणि माफीच्या बाबतीत कठोर म्हणविणाऱ्या नेफ यांनी आपली कारकीर्द संपता संपता, जानेवारी १९२५ मध्ये, त्याच्या माफीच्या फर्मानावर सही केली. रात्री ह्यूस्टनहून सुटणाऱ्या आगगाडीच्या दिव्याचा झोत तुरुंगाच्या खिडकीतून ज्याच्या अंगावर पडेल तो लवकर सुटतो, अशी कैद्यांची समजूत होती असे सांगतात. त्या गाडीवरचे गीत लेड बेलीच्या गळ्याने देशभर नेले.

पुन्हा एका गुन्ह्यासाठी तो लुइझियानाच्या अँगोला तुरुंगात गेला, आणि लोकगीतांचे संग्राहक जॉन व ॲलन लोमॅक्स या पितापुत्रांनी १९३३ मध्ये तेथेच त्याचे गाणे प्रथम मुद्रित केले. त्याच वर्षी लोमॅक्स शुगर लँडच्या तुरुंगातही आले होते. ‘आयर्न हेड’ आणि ‘क्लिअर रॉक’ या टोपणनावांच्या दोन वयस्क कैद्यांचे आवाज त्यांनी येथे टिपून घेतले. कैदेतील ही मुद्रणे खरखरीत असूनही श्रेष्ठ वाटतात, आणि स्वतंत्र झालेल्या लेड बेलीची बाजारातील मुद्रणे मात्र कित्येकदा निस्तेज वाटतात, हा या प्रकरणातील विलक्षण विरोध आहे. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन रेकॉर्ड कॉर्पोरेशनने त्याची चाळीसवर गाणी मुद्रित केली. परंतु कृष्णवर्णीय गायकाचे ब्लूज तेवढे विकले जाते, या व्यापारी अनुमानावर भिस्त ठेवून त्यांनी त्याच्या भांडारातील कथागीते आणि श्रमगीते बाजूला सारली, बहुतेक मुद्रणे प्रसिद्धच केली नाहीत, आणि जी केली ती खपली नाहीत. १९४० मध्ये व्हिक्टर कंपनीने त्याच्या पाठीशी गोल्डन गेट क्वार्टेट हा चौघांचा घोटीव आणि सुरेल वृंद उभा केला. वृंद उत्तम, गायक उत्तम, गीतेही त्याचीच. पण दगड फोडताना घणाच्या तालावर उमटलेल्या ओळी जेव्हा चार सफाईदार कंठ मिळून म्हणू लागतात, तेव्हा त्यांतील श्रम नाहीसे होतात आणि उरतो तो केवळ नीटनेटकेपणा. याउलट १९४८ मध्ये, मृत्यूपूर्वी वर्षभर, जॅझचे अभ्यासक फ्रेडरिक रॅम्झी यांनी आपल्या घरी ध्वनिफितीचे यंत्र लावून त्याला मनाला येईल ते, मनाला येईल तितका वेळ गाऊ दिले. त्या मुद्रणांत विस्मरण आहे, गप्पा आहेत, आणि सारा लेड बेलीही आहे. येथे विषमतेचे कारण गायकाच्या गळ्यात शोधणे व्यर्थ आहे. ते त्याच्याभोवती दुसऱ्यांनी उभ्या केलेल्या चौकटीत होते.

दुसरा टेक्सासी कलावंत सॅम हॉपकिन्स. १९४६ मध्ये लॉस एंजेलिस येथे अलाद्दीन कंपनीने त्याचे पहिले मुद्रण केले, तेव्हा साथीचा पियानोवादक ‘थंडर’ म्हणून जाहीर झाला आणि हा ‘लाइटनिन’, म्हणजे वीज, झाला. वीज हे नाव त्याला शोभले; कारण तिच्याप्रमाणेच तो केव्हा लखलखेल याचा भरवसा नव्हता. ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्ड या कृष्णवर्णीय वस्तीत त्याचे आयुष्य गेले, आणि १९८२ मध्ये तो त्याच शहरात निवर्तला. मधल्या साडेतीन दशकांत त्याने इतक्या कंपन्यांसाठी इतकी गाणी मुद्रित केली, की त्यांची पूर्ण खतावणी करणे हा अभ्यासकांच्या चिकाटीचा विषय होऊन बसला आहे. त्याचा करार साधा असे: गाणे म्हणावयाचे, तेथल्या तेथे रोख बिदागी घ्यावयाची, आणि पुढील हक्कांवर पाणी सोडावयाचे. तेच गाणे शब्द थोडे फिरवून दुसऱ्या कंपनीला विकण्यास त्याला दिक्कत वाटत नसे, आणि एकदा म्हटलेले पुन्हा सुधारून म्हणण्याचा त्याला मनापासून कंटाळा होता.

या व्यवहारात आळस आणि लोभ एवढेच पाहणे अन्यायाचे होईल. कृष्णवर्णीय गायकाच्या मानधनाचा हिशेब कंपन्या पुढे वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे देतील, असे मानावयास त्या काळात त्याला कोणताही आधार नव्हता. तेव्हा हाती पडेल तेच आपले, हा त्याचा निष्कर्ष अनुभवसिद्ध होता. परंतु विकलेल्या मालाच्या भवितव्याशी विक्रेत्याचा संबंध उरला नाही म्हणजे त्या मालाची निगराणीही उरत नाही. म्हणून हॉपकिन्सच्या ढिगात त्याच त्या सुरावटींची, अर्ध्या मनाने उरकलेली, वीट आणणारी कित्येक मुद्रणे आहेत; आणि त्याच ढिगात जानेवारी १९५९ मध्ये ब्लूजचे अभ्यासक सॅम्युएल चार्टर्स यांनी ह्यूस्टनमधील त्याच्या भाड्याच्या खोलीत, मागून आणलेल्या गिटारीवर केलेले मुद्रणही आहे, ज्याने त्याला विस्मृतीतून बाहेर काढून पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलपर्यंत नेले. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ब्लूजचे आवर्तन साधारणतः बारा मात्राखंडांचे असते; हॉपकिन्स मात्र शब्दांच्या ओघाप्रमाणे ते कधी आखडी, कधी लांबवी. एकटा असताना हे स्वातंत्र्य त्याच्या गाण्याला बोलण्याची जवळीक देई. आणि १९६८ मध्ये तरुण रॉक वादकांचे ढोल त्याच्यामागे लावण्यात आले, तेव्हा तेच स्वातंत्र्य गोंधळाचे कारण झाले. गुण आणि दोष यांचे मूळ एकच असू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

विपुलतेचा विचार निघाला म्हणजे मराठी माणसाला रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९१८ मध्ये पुणतांब्यास जन्मलेला, मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये पेटी वाजविता वाजविता चित्रपटाचा व्यवसाय शिकलेला, आणि मित्र भगवान यांच्यामुळे संगीत-दिग्दर्शक झालेला हा मनुष्य शंभराहून अधिक चित्रपटांचा धनी झाला. १९४७ च्या ‘शहनाई’त त्याने गोव्याच्या वादकांचा पाश्चात्त्य वाद्यमेळ आणि देशी विनोद यांची अशी मोट बांधली, की सोवळ्या समीक्षकांनी नाके मुरडली आणि गल्लीबोळांनी ती गाणी डोक्यावर घेतली. १९५१ च्या ‘अलबेला’त तोच उधळेपणा परिपूर्णतेस पोचला, आणि अवघ्या दोन वर्षांनी ‘अनारकली’त याच हाताने इतके संयत, इतके अश्रुगर्भ संगीत निर्माण केले, की दोहोंचा कर्ता एकच यावर अनभिज्ञाचा विश्वास बसू नये. परंतु या शिखरांच्या मधल्या दऱ्यांत कितीतरी चित्रपट असे आहेत, की त्यांच्या चाली चित्रगृहाच्या दारापर्यंतही प्रेक्षकाबरोबर आल्या नाहीत.

याचे खापर घाईवर फोडण्याची प्रथा आहे. ती पुराव्याला उतरत नाही. १९५५ च्या ‘आझाद’चे संगीत त्याने अतिशय थोड्या अवधीत, दुसऱ्या एका नामवंताने एवढ्या मुदतीत काम होणार नाही म्हणून नाकारल्यानंतर, बांधून दिले, आणि ते त्याच्या उत्तम कृतींत गणले जाते. त्याच वर्षी १ एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर गदिमा आणि सुधीर फडके यांनी आठवड्याला एक या गतीने ‘गीतरामायण’ सादर केले. ५६ गीते, डोक्यावर सततची मुदत, आणि तरीही एकही गीत भरतीचे म्हणून काढून टाकता येत नाही. तेव्हा घाई हा निर्णायक दोष ठरत नाही. फडक्यांना पुढच्या आठवड्यात नवी व्यक्तिरेखा, नवा रस, नवा प्रसंग भेटत होता, सी. रामचंद्रांना बहुधा मागच्याच यशाची प्रतिकृती मागणारा निर्माता भेटत होता. ‘अलबेला’सारखे काहीतरी द्या, या मागणीतून दुसरा ‘अलबेला’ निघत नाही, त्याचे टरफल निघते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लता मंगेशकर यांच्याशी असलेला त्यांचा सहयोग विरळ झाला आणि ओहोटी अधिक जाणवू लागली. तथापि जाणकारांनी त्यांना निकालात काढले असताना, २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत कवी प्रदीपांचे हुतात्म्यांवरील गीत लताबाईंच्या कंठातून पंडित नेहरूंपुढे सादर झाले, आणि त्याची चाल या ‘संपलेल्या’ संगीतकाराची होती. कलावंताची कारकीर्द सरळ उताराने जाते ही समजूत त्या एका दिवसाने खोटी पाडली.

आशा भोसले यांचे प्रकरण याहून वेगळ्या जातीचे आहे. २०११ मध्ये गिनीजच्या नोंदीत ११,००० मुद्रणांचा त्यांचा विक्रम दाखल झाला. एवढ्या राशीत टाकाऊ गाणी असणारच, आणि ती विपुल आहेत. परंतु ती ऐकताना लक्षात येते, की शब्द क्षुद्र आहेत, चाल उसनी आहे, वाद्यमेळ कर्कश आहे, आणि गायिका मात्र आपले काम चोख बजावीत आहे. १९८१ च्या ‘उमराव जान’मध्ये खय्याम यांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गावयास लावून जे साधले, ते सामर्थ्य त्या गळ्यात आधीही होते; कोणी मागितले नव्हते एवढेच. कृतीची विषमता आणि कर्त्याची विषमता यांत आपण भेद करीत नाही, तो अशा ठिकाणी करावयास हवा.

आता अत्यंत प्रिय, म्हणूनच अत्यंत अवघड, असे प्रकरण: नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व. १९११ चे ‘मानापमान’, भास्करबुवा बखल्यांच्या चालींनी नटलेले १९१६ चे ‘स्वयंवर’, १९१९ चे ‘एकच प्याला’. साथीला ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान तिरखवाँचा तबला. आणि ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांबरोबर केलेला, एका रात्रीत १६,८०० रुपये मिळवून देणारा संयुक्त ‘मानापमान’. या वैभवाची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. उतरत्या काळाविषयी मात्र आपण हळहळण्यापलीकडे गेलो नाही. कर्जाने वाकलेल्या बालगंधर्वांनी प्रभात कंपनीशी भागी करून १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ या बोलपटात एकनाथांची भूमिका केली. ज्यांच्या स्त्रीवेशाने महाराष्ट्र वेडावला होता त्यांना पुरुषवेशात पाहून प्रेक्षक बिचकला, ‘वन्समोअर’ देणारा प्रेक्षागार समोर नसल्याने नटही बिचकला, आणि ती भागी एका चित्रपटानंतर संपली. मग ते रंगभूमीवर परतले. परंतु वय पन्नाशीकडे झुकलेले, शरीर सुटलेले, आणि भोवती हिराबाई बडोदेकरांसारख्या स्त्रिया स्वतःच रंगभूमीवर आलेल्या. अशा परिस्थितीत षोडशवर्षीय नायिकेच्या वेशातील बालगंधर्व पाहणे हा पुष्कळांना क्लेशकारक अनुभव झाला, आणि तरीही डोळे मिटून ऐकणाऱ्याला एखाद्या पदाची एखादी ओळ पूर्वीच्याच अभिजाततेने भेटत असे.

येथे दोषाची वाटणी कशी करावी? ज्याने आयुष्यात दुसरे काही केलेच नाही त्याने थांबावे कसे, हा एक पक्ष. दुसरा पक्ष असा, की रसिकांनी त्याला थांबूच दिले नाही. नव्या भूमिकेत तो नको होता. जुन्या भूमिकेत तो हास्यास्पद झाला होता. आणि नाटकाच्या बंधनावाचून नुसते गाणे ऐकण्याची व्यवस्था उभारण्याचे, अगदी अखेरच्या भजनांचा काळ येईपर्यंत, फारसे कोणाच्या मनात आले नाही. पाय अधू झाल्यावर बसून गायिलेल्या बालगंधर्वांत जी कातरता आहे तिचे मोल पुढे कुमार गंधर्वांसारख्या मर्मज्ञाने ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या उपक्रमाने दाखवून दिले. समकालीनांना मात्र भामिनी आणि रुक्मिणी या जुन्या भूमिकांखेरीज काही नको होते.

या मालिकेत किशोरी आमोणकरांचे नाव घेताना शब्द जपून वापरावे लागतात, कारण त्यांची विषमता ही धाडसाची होती. मोगूबाई कुर्डीकरांसारख्या कठोर आईकडून जयपूर घराण्याची पक्की तालीम मिळालेली असता, त्या तालमीच्या आधारे दर बैठकीत बिनचूक गाणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी ते नाकारले. आलापाची गती मंदावून, रागाच्या भावाचा शोध प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर घेण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. आणि शोध म्हटला म्हणजे तो निष्फळही होऊ शकतो. तंबोरे जुळण्यात श्रोत्यांचा धीर सुटावा, सूर लागत नाही म्हणून गायिका अस्वस्थ व्हावी, आणि बैठक उमलण्याआधीच मिटावी, असे प्रसंग त्यांच्या भक्तांनाही ठाऊक आहेत. परंतु ज्या रात्री भूप किंवा जौनपुरी वश झाली, त्या रात्री जे घडले ते बिनचूक गाणाऱ्या कोणाकडून घडण्याजोगे नव्हते. या जातीच्या अपयशाला निकृष्टता म्हणणे मला मान्य नाही; उत्कृष्टतेची ती किंमत आहे, आणि ती किशोरीताईंनी स्वतः, सर्वांदेखत, मोजली.

या आढाव्यातून एवढे निष्पन्न होते, की ‘कधी उत्तम, कधी वाईट’ या एका शेऱ्याखाली आपण निदान चार निरनिराळ्या गोष्टी दडपीत असतो: परक्या चौकटीत अडकलेला गायक, जुन्या यशाची प्रतिकृती पुरविणारा कारागीर, निवृत्तीची वाट न सापडलेला वृद्ध नट, आणि जाणूनबुजून जोखीम घेणारा साधक. यांपैकी चौथा स्तुतीस पात्र आहे. उरलेल्या तिघांच्या बाबतीत पाहावे तो प्रत्येक वेळी कलावंताच्या शेजारी एक आश्रयदाता उभा आहे: पाहुण्यांच्या करमणुकीसाठी कैद्याला गावयास लावणारा गव्हर्नर, काय खपते ते गायकाला पढविणारी कंपनी, ‘तसलेच’ मागणारा निर्माता, ‘वन्समोअर’ देणारा पिट. कलावंताचा दोष नाहीच असे माझे म्हणणे नाही. ज्या दिवशी तो स्वतःचे ऐकणे थांबवितो त्या दिवसापासून तो दोषी आहेच, आणि हॉपकिन्सच्या कित्येक ध्वनिमुद्रिकांत तो दिवस स्पष्ट ऐकू येतो. परंतु त्या ऐकण्यात व्यत्यय आणण्याचे काम आश्रयदात्याने परोपरीने केलेले असते.

हा आश्रयदाता म्हणजे परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाच्या बाबतीत स्वतः आपण आहोत. पुण्यामुंबईहून येणारा गायक शुक्रवारी एका किनाऱ्यावर, शनिवारी ह्यूस्टनच्या परिसरात आणि रविवारी तिसऱ्याच शहरात गातो. विमानाचे जागरण डोळ्यांत, सभागृहाच्या गारव्याने बसलेला गळा, ध्वनियोजनेची चाचणी प्रेक्षक आत येत असतानाच चाललेली, आणि हातात कार्यकारिणीने पाठविलेली ‘लोकांना आवडणाऱ्या’ गाण्यांची यादी. अशा बैठकीतून परतताना मोटारीत आपण म्हणतो, की आता पूर्वीचे गाणे राहिले नाही. पूर्वीच्या गाण्याला पूर्वी जो अवकाश होता त्याची तरतूद मात्र आपल्या अंदाजपत्रकात नसते. मंडळांनी वर्षाकाठी कार्यक्रम एकाने कमी करावा, आलेल्या गायकास एक पूर्ण दिवस विश्रांती द्यावी, शंभर-दीडशे श्रोत्यांची दुसरी छोटी बैठक ठेवावी, आणि काय गावे याची मुखत्यारी निःशंकपणे त्याच्याकडे सोपवावी. इतके करूनही बैठक पडली, तर ती खुशाल त्याच्या खाती मांडावी. तोवर त्या तुटीतील निम्मी रक्कम यजमानाच्या नावे लिहिणे हाच हिशेबाचा सचोटीचा मार्ग होय.